मागचा ॲक्सल एका बाजूला सरकलाय? आधी मोजा, मग पाना उचला

मागून बघितलं की एक चाक मडगार्डच्या बाहेर आल्यासारखं दिसतं, दुसरं आत गेल्यासारखं. माणसं भरून वळण घेतलं की एकाच बाजूचा टायर आतून घासतो. किंवा मागून येणारा सांगतो, की तुमची गाडी खेकड्यासारखी तिरकी चालतेय. मग बुश (सांध्यांतली रबरी अस्तरं) बदलले जातात, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) होते, महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू. हे दुखणं उलटतं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ॲक्सल कशाच्या तुलनेत सरकलाय आणि कोणत्या दिशेनं, हे न ठरवताच तो ओढून मध्यावर आणलेला असतो.

सरकणं दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिल्या तऱ्हेत ॲक्सल पुढच्या ॲक्सलला समांतरच राहतो, फक्त सगळाच्या सगळा डावीकडे किंवा उजवीकडे जातो. याला आडवं सरकणं म्हणू. दुसऱ्या तऱ्हेत त्याचं एक टोक पुढे जातं किंवा दुसरं मागे, म्हणजे ॲक्सल तिरपा होतो. रस्त्यावर यांतला फरक स्टिअरिंग सांगतं. नुसतं आडवं सरकलं असेल तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जवळजवळ सरळच राहतं; मागच्या चाकांची वाट पुढच्या वाटेपासून थोडी बाजूला पडते, एवढंच. ॲक्सल तिरपा असेल तर मागची चाकं गाडीला बाजूला ढकलत राहतात, आणि ते सावरायला स्टिअरिंग कायम थोडं वळवून धरावं लागतं. तेव्हा स्टिअरिंग वाकडं असेल आणि पुढचं टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन) कितीही वेळा लावून ते सरळ राहत नसेल, तर मागे तिरपेपणा शोधा.

मोजमाप

सपाट जमीन हवी. चारही टायरांत हवा सारखी करा, डिकी रिकामी करा. गाडी जॅकवरून नुकतीच उतरवली असेल तर ती तशीच मोजू नका. चाकं लटकलेली असताना सस्पेन्शन आत ओढलं जातं आणि खाली टेकल्यावर टायर जमिनीला धरून बसतात, मूळ जागेवर परत येत नाहीत. गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे हाताने ढकला, मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, मग टेप काढा.

मडगार्डच्या कडेवरून, चाकाच्या मध्याच्या बरोबर वर, ओळंबा सोडा. ओळंब्याच्या दोऱ्यापासून रिमच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. टायरच्या पोटापासून मोजू नका, टायरचा फुगवटा प्रत्येक चाकाला वेगळा असतो. समजा डावीकडे ३८ मिमी आणि उजवीकडे ५० मिमी आलं. फरक १२, पण ॲक्सल सरकलाय ६ मिमी, कारण एका बाजूला जेवढं कमी झालं तेवढंच दुसऱ्या बाजूला वाढलं. वाचायला हे सोपं वाटतं, पण गाडीखाली आडवं पडल्यावर भलेभले पूर्ण १२ मिमीची दुरुस्ती करून बसतात आणि ॲक्सल दुसऱ्या बाजूला ६ मिमी घालवतात. कागदावर लिहा: फरकाचा निम्मा.

आता हा आकडा खरा आहे का, ते बघा. दोन्ही मागची चाकं डावी-उजवी अदलाबदल करून पुन्हा मोजा. फरक चाकांबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष ॲक्सलचा नाही. एका रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर) वेगळा आहे. चाकं काढलीच आहेत तर कुणीतरी एका बाजूला स्पेसर (हब आणि रिम यांमधली चकती) घातलाय का, किंवा हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंज बसून रिम नीट टेकत नाहीये का, तेही बघा; हे दोष चाकांबरोबर जात नाहीत, हबपाशीच राहतात. पाच मिमीने ऑफसेट वेगळा असलेलं रिम नुसतं बघून ओळखू येत नाही, रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटीचा, म्हणजे ऑफसेटचा, आकडा वाचावा लागतो.

फरक जागेवरच राहिला तर मडगार्डवरचा विश्वास काढून घ्या. पत्र्याचा भाग म्हणजे प्रमाण नव्हे. जुनी दुरुस्ती, बदललेला क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा), वेगळी चासी असलेल्या गाडीत रबरी माउंटवर बसलेली बॉडी, यांपैकी कशानेही काही मिलिमीटर सहज हलतात. खालून चासीच्या किंवा बॉडीच्या लांब पट्टीच्या बाहेरच्या कडेपासून ब्रेक ड्रमच्या किंवा डिस्कच्या मागच्या पत्र्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. पट्टीला कारखान्यात पाडलेली मापाची गोल भोकं दिसत असतील तर तीच धरा, ती सगळ्यांत भरवशाची. खालचं माप दोन्हीकडे सारखं आणि वर मडगार्डला फरक, असं निघालं तर सस्पेन्शनला हात लावू नका. दोष बॉडीत आहे.

एक सापळा इथे लावलेलाच असतो: डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा बघून मध्य ठरवणं. बऱ्याच ॲक्सलमध्ये तो मुद्दामच मध्यापासून बाजूला असतो, कारण प्रॉपेलर शाफ्ट, टाकी, एक्झॉस्ट यांना जागा द्यायची असते. गोळा एका बाजूला दिसतो म्हणून ॲक्सल सरकला, असं होत नाही. माप नेहमी हबच्या तोंडापासून.

किती सरकलेलं चालतं? ठोस ॲक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी नळी) असलेल्या साध्या गाडीत ३-४ मिमी मी मोजत बसणार नाही. नव्या गाडीतही तेवढं सापडतं. टायर घासत नसेल आणि आकडा दर महिन्याला तोच येत असेल तर सोडून द्या. काळजी वाढत्या आकड्याची करायची. आज ४, पुढच्या महिन्यात ७ म्हणजे काहीतरी ढिलं आहे.

नुसत्या कर्णांवर जाऊ नका

पुढच्या डाव्या हबपासून मागच्या उजव्या हबपर्यंत आणि उलट असे दोन कर्ण मोजायचे, सारखे आले की ॲक्सल काटकोनात, हा सल्ला सगळीकडे मिळतो. अर्धाच खरा आहे. २६०० मिमी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर) आणि १४०० मिमी ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराची) गाडी घ्या. ॲक्सल नुसता ६ मिमी आडवा सरकला तर दोन कर्णांत सुमारे ५.७ मिमी फरक पडतो. ॲक्सल आडवा न सरकता फक्त फिरला, डावं टोक ३ मिमी मागे आणि उजवं ३ मिमी पुढे, तर फरक पडतो सुमारे ५.३ मिमी. टेपवर हे दोन आकडे एकच. म्हणून कर्णांबरोबर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजलाच पाहिजे.

पद्धत अशी: स्टिअरिंग सरळ. प्रत्येक हबच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर टोकदार पेन्सिलने खूण करा. गाडी पुढे ढकलून बाजूला काढा, म्हणजे चार खुणा मोकळ्या मिळतात आणि टेप चाकांवरून वाकवावा लागत नाही. व्हीलबेस दोन्हीकडे सारखा आणि कर्ण वेगळे: आडवं सरकणं. व्हीलबेस वेगळा: तिरपेपणा. वरच्याच गाडीत दोन बाजूंचा व्हीलबेस ६ मिमीने वेगळा असेल तर मागचा ॲक्सल सुमारे ०.२५ अंश तिरपा आहे, आणि गाडी सरळ जाताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा ११ मिमीच्या आसपास बाजूला चालतात. चार चाकांच्या अलाइनमेंट मशीनवर हाच कोन थ्रस्ट अँगल म्हणून छापून येतो. तो कागद असेल तर वाचा. फक्त पुढची दोन चाकं धरणाऱ्या मशीनला यातलं काहीच दिसत नाही.

पुढचं चाक मागे सरकलेलं असलं तरी व्हीलबेस वेगळा येतो, हेही डोक्यात असू द्या. मागे प्रत्येक बाजूला आर्मच्या (ॲक्सल बॉडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या पिव्हट बोल्टपासून किंवा पाट्याच्या (पट्टीच्या स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत मोजा. तिथे दोन्ही सारखे असतील तर दोष पुढे शोधावा लागेल. आणि काही गाड्या जन्मतःच अशा असतात: १९६१मध्ये आलेल्या रेनो ४ला मागे आडवे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) एकापुढे एक बसवलेत, त्यामुळे तिचा डावा-उजवा व्हीलबेस कारखान्यातूनच काही सेंटीमीटरने वेगळा आहे. असली गाडी 'सरळ' करायला जाऊ नये.

पॅनहार्ड रॉड असेल तर

ठोस ॲक्सल, कॉइल स्प्रिंग आणि आडवा एक रॉड, ज्याचं एक टोक बॉडीला आणि दुसरं ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूला. हा रॉड ॲक्सलला आडवा धरून ठेवतो, पण वर्तुळाच्या कमानीत फिरतो. म्हणून गाडीची उंची बदलली की ॲक्सल सरकणारच. उंच स्प्रिंग टाकल्यानंतर लगेच ही तक्रार सुरू झाली असेल तर बिघाड शोधू नका, भूमिती आहे ती.

९०० मिमीचा रॉड अगदी आडवा असताना ॲक्सल ५० मिमी वर-खाली झाला तर तो बाजूला फक्त १.४ मिमी जातो. पण त्याच रॉडची दोन टोकं आधीच ६० मिमी उंचीच्या फरकाने असतील, बॉडीकडचं टोक वर, आणि गाडी ५० मिमी उचलली, तर ॲक्सल ४.७ मिमी सरकतो. तिरका रॉड अजून तिरका होताना जास्त खेचतो. दिशा लक्षात ठेवायला सोपी: गाडी उचलली की ॲक्सल रॉडच्या बॉडीकडच्या टोकाकडे ओढला जातो. तिथून दूर ढकलायचा तर रॉड लांब करा, जवळ आणायचा तर आखूड.

पण लांबी बदलण्याआधी रॉड ढिला नाही ना, ते बघा. गाडी चाकांवर उभी असताना एकाने मागचा खांब धरून आडवी हलवायची, दुसऱ्याने खालून रॉडच्या दोन्ही टोकांकडे बघायचं. जॅकवर हे दिसत नाही, बुशवर भार हवा. बोल्ट बुशच्या आतल्या नळीत हलतो का, का नळी रबरात हलते, की ब्रॅकेटच पत्र्यासह हलतोय? तिन्हींची दुरुस्ती वेगळी. बोल्टच्या डोक्याभोवती गेरूसारखी लाल भुकटी आणि ब्रॅकेटवर बोल्टच्या बाजूला चकचकीत चंद्रकोर दिसली तर भोक लांबट झालंय. तिथे नवा बुश घालून काही उपयोग नाही. बोल्ट कितीही आवळला तरी तो त्या लांबट भोकात पुन्हा घसरेल. जाड वायसर भोकाच्या मूळ जागी बसवून वेल्ड करा किंवा ब्रॅकेट बदला. ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडेने केसासारखी चीर आहे का तेही आधी तारेच्या ब्रशने साफ करून बघा. तेल-मातीखाली चीर लपते.

ॲडजस्टेबल रॉड घेतला असेल तर आकडेमोड अशी. दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे, पीच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी: मधली नळी एक पूर्ण फेरी फिरवली की लांबी ३ मिमीने बदलते. ६ मिमी हवे तर दोन फेऱ्या. एकाच टोकाला आटे असतील तर फेरीला १.५ मिमी, म्हणजे चार फेऱ्या, आणि दर वेळी त्या टोकाचा बोल्ट काढावा लागेल. आटे नळीत बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी आत असू द्या. दुरुस्तीनंतर लॉकनट आवळायला विसरलात तर काही शे किलोमीटरमध्ये रॉड स्वतःच फिरून लांबी बदलतो. 'पुन्हा सरकला'चं हे सगळ्यांत फुकटचं कारण.

रॉडऐवजी वॅट लिंक (दोन आडवे रॉड आणि मधे एक फिरता तुकडा) असलेल्या गाडीत उंची बदलून ॲक्सल फारसा सरकत नाही, कारण मधला फिरता तुकडा दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना कापतो. (जेम्स वॅटने ही रचना १७८४मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट केली, मोटारीचा पत्ता नव्हता तेव्हा.) तिथे सरकलं असेल तर मधल्या पिव्हटचा बुश आधी तपासा. आणि वरचे दोन आर्म इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके असलेल्या चार-लिंक सस्पेन्शनमध्ये आडवी पकड त्या वरच्या आर्मच्या बुशमध्ये असते. खालचे बदलून वरचे तसेच ठेवले की ॲक्सल पूर्वीसारखाच हलत राहतो.

पाट्यांची गाडी

इथे पहिला संशयित म्हणजे सेंटर बोल्ट. पाट्यांच्या थप्पीला मधून जो बोल्ट धरतो त्याचं गोल डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, आणि ॲक्सल पुढे-मागे कुठे राहील हे तेच डोकं ठरवतं. यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) ढिले पडले की सगळा धक्का या बारक्या बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि ब्रेकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या ओढीने ॲक्सलचं ते टोक सरकतं. म्हणून पाट्याच्या गाडीत बहुतेक वेळा तिरपेपणा मिळतो, आडवं सरकणं कमी. खूण: बैठकीच्या कडेपाशी पाट्यावर घासून पांढरी झालेली अर्धा-एक सेंटीमीटरची पट्टी. ती दिसली तर बोल्ट तुटलाय असंच धरून चला, वरून त्याचा नट शाबूत दिसला तरी. तुटतो तो बहुतेक आत, डोक्याच्या मानेशी.

चासी मजबूत घोड्यांवर ठेवा, ॲक्सलचं वजन वेगळ्या ट्रॉली जॅकवर घ्या. नुसत्या जॅकवर पेललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. यू-बोल्ट काढा. सेंटर बोल्ट काढण्याआधी थप्पीच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा. पाटे एकमेकांवर ताणून बसलेले असतात, मोकळे झाले की उडतात. नवा बोल्ट आणताना नुसता व्यास न बघता डोक्याचा व्यास बैठकीच्या भोकाला जुळतोय का ते बघा. डोकं भोकात खुळखुळत असेल तर दोन मिमीचा खेळ तिथेच आला. बैठकीचं भोकच लांबट झालं असेल तर ते भरून पुन्हा पाडावं लागेल.

यू-बोल्ट नवे. एकदा ताणलेले पुन्हा वापरले की आवळ नीट बसत नाही. चारही नट आडवे-तिडवे, तीन-चार टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कपर्यंत (तिथे दिलेल्या आवळण्याच्या ताकदीपर्यंत), आणि शेवटचा टप्पा गाडीचं वजन चाकांवर असताना. काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क. पाटे रंगवून थप्पी नव्याने बांधली असेल तर हे दोनदा करा, कारण पाट्यांमधला रंग दबत जातो आणि तेवढा आवळ कमी होतो.

एका बाजूचा पाटा बदलला असेल तर दोन्ही मुख्य पाटे शेजारी ठेवून पुढच्या डोळ्याच्या मध्यापासून सेंटर बोल्टच्या भोकापर्यंत मोजा. दिसायला सारख्या दोन पाट्यांत इथे ५ मिमी फरक असू शकतो, आणि मग सगळं नवं टाकूनही ॲक्सल तिरपाच. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल बसवला असेल तर हबच्या तोंडापासून बैठकीच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा. बैठक चुकीच्या जागी वेल्ड झाली असेल तर आडवं सरकणं कायमचं, आणि ते बुशने सुटत नाही. पाट्यांच्या गाडीत खरोखर आडवं सरकलं असेल तर शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणाऱ्या झुलत्या दुव्याचे) बुश आणि डोळ्याच्या बाजूचे वायसर बघा. शॅकल मागून सरळ उभा दिसायला हवा, तिरका नको.

ट्विस्ट बीम आणि स्वतंत्र सस्पेन्शन

छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत बहुधा ट्विस्ट बीम (दोन्ही मागच्या आर्मना जोडणारी, थोडी पिळणारी आडवी तुळई) असतो. त्यात आडवी ॲडजस्टमेंट नसते, किंवा असलीच तर बॉडीकडच्या ब्रॅकेटच्या लांबट भोकांत काही मिलिमीटर. ब्रॅकेट काढण्याआधी त्याभोवती टोकदार खूण ओढून ठेवा. काढला आणि अंदाजानेच परत लावला की पुढच्या अलाइनमेंटचे पैसे गेले. बुशमध्ये मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते, बाहेरच्या कड्यावर बाणाची किंवा खाचेची खूण असते. फिरवून बसवला तर जिथे कडकपणा हवा तिथे बीम मऊ पडतो. आणि फुटपाथला चाक आदळलेलं असेल तर बुशपेक्षा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) वाकल्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंचा टो आणि कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) मोजा. एकाच चाकाचा बिघडला असेल तर वाकलेला भाग तिथे आहे, संपूर्ण बीम सरकलेला नाही.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सरकतो तो सबफ्रेम (सस्पेन्शनचे आर्म धरणारी छोटी चौकट). गिअरबॉक्स किंवा टाकीच्या कामासाठी तो उतरवला होता का, हे आधी आठवा. मापाच्या भोकांतून सळई आरपार जाईपर्यंत तो हलवून बोल्ट आवळले की काम झालं. एक्सेंट्रिक बोल्ट (ज्याची चकती मध्यापासून बाजूला असते असा बोल्ट) फिरवून टो आकड्यात आणता येतो, पण सबफ्रेम आडवा सरकलेला राहतो.

ठोस ॲक्सलची नळीच वाकली असेल तर मागच्या दोन चाकांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला मोजून कळतं. रिमचा वाकडेपणा आकड्यात येऊ नये म्हणून चाकं अर्धी फेरी फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. ठोस ॲक्सलला टो जवळपास शून्यच हवा. नसेल तर नळी सरळ करणं हे प्रेसचं काम आहे, पॅनहार्ड रॉडचं नाही.

बोल्ट कधी आवळायचे

रबरी बुशचा बोल्ट आतल्या नळीला ब्रॅकेटमध्ये घट्ट दाबून धरतो. रबर बाहेरच्या कड्याला आणि आतल्या नळीला चिकटलेलं असतं, आणि हालचाल होते ती रबर पिळून. चाकं लटकत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ॲक्सल किंचित एका बाजूला ताणला जातो आणि काही महिन्यांत रबर फाटतं. नवे बुश टाकूनही तिसऱ्या महिन्यात ॲक्सल परत सरकला असेल तर सगळ्यांत आधी हेच विचारा. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर किंवा ॲक्सलखाली घोड्या ठेवून नेहमीच्या उंचीवर आणा, मगच टॉर्क द्या.

काम झालं की ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर ॲक्सलच्या नव्या जागी ताणल्या जात नाहीत ना ते बघा. नट आणि ब्रॅकेट यांवर मिळून रंगाची एक रेघ मारा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर तोच बोल्ट तुमचा गुन्हेगार. चार चाकांची अलाइनमेंट यानंतरच करा. गाडी महिनोन्‌महिने तिरकी चालली असेल तर मागचे टायर करवतीच्या दातांसारखे झिजलेले असतात. ते ॲक्सल बरोबर झाल्यावरही घोंघावतात आणि गाडीला किंचित ओढतात, म्हणून निकाल लावण्याआधी ते पुढे-मागे बदलून बघा.